ब्रेक लावला तरी बाहेरचा लूप थांबेना: लूपमधल्या लूपची दुरुस्ती

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग, आणि ब्रेक म्हणजे त्यातून मधूनच बाहेर काढणारा शब्द. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या कोडमध्ये दिसतंय का बघा.

- हवी ती नोंद सापडते, आतल्या लूपमध्ये ब्रेकही लागतो, तरी प्रोग्रॅम पुढच्या ओळीत शिरून शोधतच राहतो. पहिली नोंद हवी होती, हातात शेवटची येते.
- बाहेरच्या लूपच्या पहिल्या फेरीत सगळं सुरळीत. दुसऱ्या फेरीपासून आतला लूप गप्प.
- प्रोग्रॅम संपतच नाही. एरर नाही, आउटपुट नाही, नुसता पंखा घोंगावतो.
- नोंदी गाळत गाळत तपासल्या जातात. काढून टाकायच्या दोन नोंदी शेजारी शेजारी असल्या की दुसरी हमखास सुटते.
- उत्तर बरोबर, पण ते कितव्या ओळीत सापडलं हा आकडा भलताच.
- दहा नोंदींवर क्षणात चालतं, दहा हजारांवर लटकतं.

दुसऱ्यांचा कोड तपासणं हे माझं रोजचं काम. हा दोष मी इतक्या वेळा आणि इतक्या वेशांत दुरुस्त केलाय की आता कोड उघडण्याआधीच विचारते, "लूपमध्ये लूप आहे का?" बहुतेकदा समोरून कबुली येते की आहे, आणि ब्रेक चालत नाहीये. ब्रेक चालत असतो. तो फक्त लिहिणाऱ्याला वाटतं त्या लूपचा नसतो.

खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होऊन अवघडापर्यंत जातात. क्रम मोडू नका. मी स्वतः तो मोडून थेट डीबगर (प्रोग्रॅम ओळीओळीने थांबवून बघायचं साधन) उघडलाय, आणि तासाभराने कळलंय की गडबड एका अर्धविरामाची होती. सुरू करण्याआधी कोडची एक प्रत बाजूला ठेवा किंवा गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट करा, आणि एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तो परत येतो.

१. आधी फेऱ्या मोजा

कागद, पेन आणि एक जादा व्हेरिएबल, एवढाच खर्च. ३ ओळी आणि ४ रकान्यांचा छोटा तक्ता घ्या. दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात शून्य ठेवा, बाकी सगळीकडे दुसरं काहीही. काम एवढंच, की पहिलं शून्य शोधायचं आणि थांबायचं. कोणत्याही एका भाषेला बांधलं जाऊ नये म्हणून कोड मराठीतच लिहिते:

फेऱ्या = ०
प्रत्येक ओळीसाठी:
    त्या ओळीतल्या प्रत्येक रकान्यासाठी:
        फेऱ्या = फेऱ्या + १
        जर किंमत शून्य असेल:
            जागा लिहून ठेव
            ब्रेक
फेऱ्या छाप

चालवण्याआधी कागदावर मोजा. पहिली ओळ पूर्ण म्हणजे ४, दुसऱ्या ओळीत ३, एकूण ७. आता चालवा. वरचा कोड ११ छापेल, कारण शून्य सापडल्यावर तो तिसऱ्या ओळीचे चारही रकाने बघून आला.

गंमत अशी की उत्तर मात्र बरोबर येतं. तक्त्यात शून्य एकच आहे, त्यामुळे उगाच मारलेल्या चार फेऱ्यांनी काही बिघडत नाही. म्हणूनच हा दोष चाचणीत सापडत नाही आणि खऱ्या डेटात, जिथे दुसरं शून्य खालच्या ओळीत बसलेलं असतं, तिथे उगवतो. उत्तर खोटं बोलू शकतं, फेऱ्यांचा आकडा बोलत नाही.

या छोट्या तक्त्यावर मला पुन्हा पुन्हा दिसलेले आकडे असे: १२ आले तर ब्रेकपर्यंत गाडी पोहोचलीच नाही, अट तपासा. ११ आले तर ब्रेक फक्त आतल्या लूपला लागला, तिसऱ्या तपासणीकडे जा. ३ आले तर प्रत्येक ओळीत पहिल्याच रकान्यावर ब्रेक लागतोय, म्हणजे तो अटीच्या बाहेर निसटलाय. दुसरी तपासणी बघा. ४ आले तर पहिल्या ओळीनंतर आतला लूप फिरलाच नाही. त्याची कारणं चौथ्या आणि पाचव्या तपासणीत आहेत.

जोड्या करणारे लूप असतील, म्हणजे आतला लूप बाहेरच्याच्या एक घर पुढून सुरू होत असेल, तर हिशोब वेगळा. ५ वस्तूंच्या जोड्या १० होतात. २५ आले तर प्रत्येक वस्तू स्वतःशीही जोडली जातेय, २० आले तर प्रत्येक जोडी दोनदा येतेय, १५ आले तर सुरुवात एक घर आधी झालीय.

२. कोडची मांडणी

एडिटरमध्ये कोड आपोआप नीट लावणारी कळ असते, ती दाबा. दहा सेकंदांचं काम. दाबल्यावर एखादी ओळ डावीकडे किंवा उजवीकडे सरकली तर तिच्याकडे संशयाने बघा, कारण ती तुम्हाला दिसत होती त्या ठिकाणी कधी नव्हतीच.

पायथनमध्ये ओळ कोणाच्या पोटात आहे हे इंडेंटेशनच, म्हणजे ती डावीकडून किती आत सरकवलीय तेच, ठरवतं, तिथे कळ दाबून भागत नाही. ब्रेकपाशी कर्सर ठेवा आणि सरळ वर बघत जा: डावीकडे पहिली सरकलेली ओळ कोणती? ती अट असायला हवी. लूप असेल तर ब्रेक विनाअट झालाय, आणि तुमचा आकडा ३ आला असणार. टॅब आणि स्पेसची विसंगत सरमिसळ असेल तर पायथन ३ एरर देऊन थांबतो, पण सगळीकडे स्पेसच असून चार कमी पडल्या असतील तर त्याला काहीच गैर वाटत नाही.

सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये दोन जुने शत्रू आहेत. एक, महिरपी कंस न लावता अटीखाली दोन ओळी लिहिणं. दोन्ही ओळी आत सरकवलेल्या दिसतात, पण अटीची सत्ता पहिल्या ओळीपुरतीच असते. जीसीसी कंपायलर सहाव्या आवृत्तीपासून अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल सूचना देतो, म्हणून सूचना बंद ठेवू नका. दुसरा शत्रू म्हणजे लूपच्या ओळीच्या शेवटी चुकून पडलेला अर्धविराम. त्याने लूपचं पोट रिकामं होतं. लूप सगळ्या फेऱ्या मुकाट्याने मारतो आणि खालचा भाग एकदाच चालतो.

३. हा ब्रेक कोणाचा?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबते.

नियम एका ओळीचा आहे. साधा ब्रेक त्याला वेढणाऱ्या सगळ्यात जवळच्या लूपमधून बाहेर काढतो, त्याच्यापलीकडे नाही. कंटिन्यूचंही, म्हणजे चालू फेरी तिथेच सोडून पुढची सुरू करणाऱ्या शब्दाचंही, तसंच. अट हा लूप नव्हे, त्यामुळे ब्रेक अटीतून बाहेर पडत नाही, अटीसकट लूपमधून पडतो. कोडमधल्या प्रत्येक ब्रेकवर बोट ठेवा आणि वर वर जात पहिला वेढणारा लूप शोधा. त्याच्या नावाची टीप ब्रेकशेजारी लिहा: "हा रकान्यांचा", "हा ओळींचा". पाच मिनिटं लागतात, आणि टीप लिहितानाच चूक डोळ्यांत भरते.

स्विच, म्हणजे एका किमतीनुसार अनेक केसपैकी एक निवडणारी रचना, मात्र फसवतो. सी, सी++, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ब्रेक स्विचलाही लागतो. लूपच्या आत स्विच, स्विचच्या एका केसमध्ये ब्रेक, आणि लिहिणाऱ्याची समजूत की लूप थांबला. थांबला फक्त स्विच. गो भाषेत केसच्या शेवटी ब्रेक लिहावा लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की लिहिलेला ब्रेक लूपचाच असणार. तोही स्विचचाच निघतो. आणि पीएचपीमध्ये तर स्विचच्या आतला कंटिन्यूसुद्धा ब्रेकसारखा वागतो. ७.३ आवृत्तीपासून पीएचपी त्याबद्दल सूचना देऊ लागलं, त्याआधी ते गुपचूप चालायचं.

ही चूक फक्त शिकाऊ लोकांची आहे असं समजू नका. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं साधारण नऊ तास कोलमडलं. मुळाशी सी भाषेतला एक ब्रेक होता. स्विचच्या आत अट होती आणि त्या अटीत तो बसलेला. लिहिणाऱ्याला अटीतून बाहेर पडायचं होतं, प्रोग्रॅम स्विचमधून बाहेर पडला. एक यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं की त्याचा संदेश शेजारच्या यंत्राला पाडायचा, आणि ही साखळी देशभर पसरली.

ब्रेक चुकीच्या मालकाचा आहे हे कळलं की दुरुस्तीच्या वाटा अशा.

फ्लॅग सगळ्यांना आधी सुचतो. "सापडलं" नावाचं व्हेरिएबल खोटं ठेवायचं, सापडल्यावर खरं करायचं, आतून ब्रेक मारायचा आणि बाहेर फ्लॅग बघून पुन्हा ब्रेक मारायचा. चालतं. पण फ्लॅग बघायची जागा आतला लूप संपल्याच्या लगेच खालची ओळ. बरेच जण ती तपासणी बाहेरच्या लूपच्या माथ्यावर ठेवतात, आणि मग आतल्या लूपच्या खाली उरलेल्या ओळी एकदा जास्त चालून जातात. उरलेल्या ओळींमध्ये बेरीज असेल तर बेरीज चुकते, फाइलमध्ये लिहिणं असेल तर एक नोंद जादा पडते. दुसरी चूक म्हणजे फ्लॅग परत खोटा करायला विसरणं. संपूर्ण तक्त्यात एकदाच शोधायचं असेल तर फ्लॅग दोन्ही लूपांच्या वर एकदा खोटा करा. प्रत्येक ओळीसाठी वेगळं शोधायचं असेल तर बाहेरच्या लूपच्या आत, आतला सुरू होण्याआधी. कोणतं हवंय हे आधी ठरवा. तीन फ्लॅग झाले की थांबा, वाट चुकलीय.

लेबल ही दुसरी वाट. जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट, कॉटलिन, स्विफ्ट आणि पर्ल यांत लूपला नाव देता येतं आणि ब्रेकला सांगता येतं की अमुक नावाच्या लूपमधून बाहेर पड. कंटिन्यूलाही नाव देता येतं, मग आतला लूप अर्धवट टाकून बाहेरच्याची पुढची फेरी सुरू होते. ही सोय लोक विसरतात आणि उगाच फ्लॅग रचत बसतात. लेबलला "बाहेरचा" असं नाव देण्यापेक्षा "ओळी" असं द्या. उद्या त्याच्याही बाहेर आणखी एक लूप आला तर "बाहेरचा" खोटं ठरेल.

पीएचपी आणि बॅशमध्ये नावाऐवजी आकडा चालतो. ब्रेक २ म्हणजे दोन पायऱ्या बाहेर. लिहायला झकास, सांभाळायला त्रासदायक. कोणीतरी मध्ये तिसरा लूप घालतो, आकडा दोनच राहतो, आणि कोणतीही एरर न येता बाहेर पडण्याची जागा बदलते. पीएचपीमध्ये स्विचही या मोजणीत एक पायरी धरला जातो, हेही ध्यानात असू द्या.

पायथनमध्ये लेबल नाही. २००७ साली पेप ३१३६ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) यात ते मागितलं गेलं होतं आणि पायथनचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी तो नाकारला. तिथे लूपला एल्स जोडता येतो: आतला लूप ब्रेकशिवाय पूर्ण झाला तरच तो एल्स चालतो. एल्समध्ये कंटिन्यू आणि त्याच्या खाली, बाहेरच्या लूपच्या पातळीवर, ब्रेक लिहिला की काम होतं. मला ही युक्ती आवडते, पण एकत्र काम करायच्या कोडमध्ये मी ती वापरत नाही. वाचणारा तो एल्स अटीचा समजतो, "नीट" इंडेंट करून टाकतो आणि पुन्हा माझ्याकडे येतो.

सी आणि सी++ मध्ये खोल लूपांतून बाहेर पडायला गोटूची, म्हणजे नाव दिलेल्या ओळीवर थेट उडी मारण्याची, वाट रुळलेली आहे. गोटूचं नाव काढलं की लोक कानावर हात ठेवतात. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी त्याच्याविरुद्ध प्रसिद्ध पत्र लिहिलं हे खरं, पण १९७४ मध्ये दुसरे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी गोटू कुठे उपयोगी पडतो याची सविस्तर चर्चाही केली. फक्त पुढे, लूपांच्या लगेच खाली उडी मारणारा एक गोटू तीन फ्लॅगपेक्षा वाचायला सोपा असतो. मागे उडी मारणारा मात्र माझ्या तपासणीत पास होत नाही.

आणि माझी आवडती वाट, जी जवळपास प्रत्येक भाषेत चालते: दोन्ही लूप उचलून एका छोट्या फंक्शनमध्ये टाका आणि सापडल्याबरोबर रिटर्न करा.

फंक्शन पहिलं_शून्य(तक्ता):
    प्रत्येक ओळीसाठी:
        प्रत्येक रकान्यासाठी:
            जर किंमत शून्य असेल:
                रिटर्न ही जागा
    रिटर्न "नाही"

रिटर्न जवळचा आणि लांबचा लूप ओळखत नाही, सगळ्यातून एकदम बाहेर काढतो. शिवाय न सापडल्यास काय करायचं ही जागा आपोआप समोर येते, जी फ्लॅगच्या गर्दीत हरवलेली असते. एक काळजी घ्या: लूपच्या आधी फाइल उघडली असेल किंवा सीमध्ये मेमरी मागितली असेल, तर रिटर्न ती बंद करायच्या ओळी ओलांडून जातो. पायथनचा विथ किंवा जावाचा फायनली ते सांभाळतो, सीमध्ये तुम्हालाच सांभाळावं लागतं.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी वेगळी टीप. तुमचा आतला "लूप" फॉरईच असेल तर त्यात ब्रेक लिहिताच येत नाही आणि रिटर्न फक्त त्या एका नोंदीपुरतं फंक्शन संपवतो, म्हणजे कंटिन्यूसारखा वागतो. मधूनच थांबायचं असेल तर फॉर-ऑफ लूप घ्या, किंवा फाइंड अथवा सम (some) वापरा.

४. दोन्ही लूपांना एकच काउंटर

आकडा ४ आला किंवा प्रोग्रॅम संपतच नाही, तर दोन्ही लूपांच्या पहिल्या ओळी एकाखाली एक ठेवून वाचा. दोन्हीकडे काउंटर, म्हणजे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल, "आय"च आहे का? कोड चिकटवताना हे फार घडतं.

सीमध्ये बाहेरची मर्यादा ५ आणि आतली ३ असेल आणि दोघांचा काउंटर एकच असेल, तर आतला संपताना काउंटर ३ होतो, बाहेरचा त्यात एक मिळवून ४ करतो, ४ पाचापेक्षा लहान म्हणून पुन्हा आत जातो, आतला त्याला शून्यावर आणतो. हे चक्र कायम. आतली मर्यादा मोठी असती तर उलट, बाहेरचा लूप एका फेरीतच आटोपला असता. एकच चूक, दोन विरुद्ध लक्षणं.

पायथनमध्ये हीच चूक वेगळी दिसते. तिथे बाहेरचा लूप प्रत्येक फेरीला स्वतःच्या यादीतून नवी किंमत घेतो, त्यामुळे फेऱ्या बरोबर येतात. पण आतल्या लूपच्या खाली "आय" वाचलात तर तो आतला शेवटचा आकडा असतो. ओळीचा क्रमांक भलताच छापला जातो तो यामुळे. जावास्क्रिप्टमध्ये व्हारने काउंटर घेतला तर तो सगळ्या फंक्शनचा होतो, लेटने घेतला तर त्या लूपचा राहतो. लेट २०१५ पासून प्रमाणात आहे, जुना कोड व्हारने भरलेला असतो.

उपाय सोपा आहे. "आय" आणि "जे" सोडा, "ओळ" आणि "रकाना" लिहा. अर्थ असलेली नावं चुकून एकसारखी पडत नाहीत.

५. आतला लूप दुसऱ्यांदा का फिरत नाही

व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारा) असेल तर आतल्या काउंटरची सुरुवात कुठे लिहिलीय ते बघा. ती दोन्ही लूपांच्या वर असेल तर पहिल्या फेरीत काउंटर शेवटाला पोहोचतो आणि तिथेच राहतो. ती ओळ बाहेरच्या लूपच्या आत आणा.

काउंटर नसूनही हेच होत असेल, तर आतला लूप कशावरून फिरतोय? पायथनमध्ये मॅप, फिल्टर, झिप, जनरेटर किंवा उघडलेली फाइल एकदाच वाचता येते. पहिल्या फेरीत ती रिकामी होते आणि दुसऱ्या फेरीत काहीच देत नाही. एररही येत नाही, कारण रिकाम्या गोष्टीवर शून्य फेऱ्या मारणं कायदेशीर आहे. आधी तिची लिस्ट करून घ्या. फाइल मोठी असेल तर कोणता डेटा मेमरीत ठेवायचा याचा विचार करा. लहान तो आत, मोठा तो बाहेर.

६. कंटिन्यूने काउंटर ओलांडला

व्हाइल लूपच्या शेवटी काउंटर वाढवत असाल आणि मध्येच कंटिन्यू असेल, तर तो वाढवण्याची ओळ टाळून थेट वर जातो. तीच नोंद, तीच अट, तोच कंटिन्यू, अनंतकाळ. सीच्या फॉरमध्ये हे होत नाही, कारण तिथे कंटिन्यूनंतरही काउंटर वाढतो. म्हणूनच फॉरचं व्हाइल करताना हा दोष जन्माला येतो.

७. फिरता फिरता यादी बदलणं

नोंदी गाळल्या जात असतील तर लूपमध्ये कुठे काढून टाकणं आहे का ते शोधा. तिसरी नोंद काढली की चौथी तिसऱ्या जागी सरकते, लूप मात्र चौथ्या जागेकडे जातो. सरकलेली नोंद कोणी बघतच नाही. जावा बहुतेकदा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे एरर) फेकून सांगतो, पायथनची लिस्ट गप्प राहते. काढायच्या नोंदी वेगळ्या लिहून ठेवा आणि लूप संपल्यावर काढा, किंवा ठेवायच्या नोंदींची नवी यादी करा.

८. अडकलाय की नुसता हळू आहे?

बाहेरच्या लूपमध्ये दर हजार फेऱ्यांनी एक आकडा छापा. आकडे येत राहिले तर प्रोग्रॅम जिवंत आहे, फक्त काम डोंगराएवढं आहे. १०,००० गुणिले १०,००० म्हणजे १० कोटी फेऱ्या. एका फेरीला एक मायक्रोसेकंद धरला तर १०० सेकंद. तिसरा तेवढाच लूप आत घातलात तर साडेअकरा दिवस. इथे ब्रेकची जागा बदलून काही होणार नाही.

आतला लूप फक्त "ही किंमत त्या यादीत आहे का" एवढंच बघत असेल तर त्या यादीचा सेट किंवा डिक्शनरी (किंमत आहे की नाही हे सगळी यादी न चाळता सांगणाऱ्या रचना) एकदाच तयार करा आणि आतला लूप काढून टाका. १० कोटींच्या जागी साधारण २० हजार पावलं. आतल्या लूपमध्ये डेटाबेसला प्रश्न विचारत असाल तर सगळे प्रश्न एकदाच विचारा आणि उत्तरं मेमरीत जोडा.

९. डीबगर

इथपर्यंत आलात तर आता डीबगरची वेळ. प्रत्येक फेरीला थांबू नका, हजार वेळा कळ दाबून डोळे शिणतात आणि नेमकी चूक निसटते. ब्रेकपॉइंटला, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या खुणेला, अट लावा: ओळ २ आणि रकाना ३ असेल तेव्हाच थांब. थांबल्यावर एकेक ओळ पुढे जा आणि पुढची ओळ कोणती येईल ते आधी मनात म्हणा. तुमचं म्हणणं आणि यंत्राचं पाऊल जिथे पहिल्यांदा वेगळं होतं, ती ओळ.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

प्रोग्रॅम खऱ्या, चालू यंत्रणेवर आहे आणि लूपच्या आत पैशांचे व्यवहार, मेल किंवा डेटाबेसमधले बदल होताहेत? तो आधी थांबवा आणि ती यंत्रणा सांभाळणाऱ्याला कळवा. एक फेरी जास्त म्हणजे एक व्यवहार जास्त. "फक्त एकदा चालवून बघते" हे तिथे म्हणायचं नसतं.

लूप अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) चालतोय आणि छापायची ओळ घातल्याबरोबर दोष नाहीसा होतो? तो लूपचा दोष नाही, वेळेचा आहे. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कडी) आणि थ्रेडचं काम केलेल्या माणसाकडे द्या. अंदाजाने लॉक घालत सुटलात तर एका दोषाचे दोन होतील.

सी किंवा सी++ मध्ये काउंटर तुम्ही न बदलता बदलतोय? अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर लिहिलं जातंय आणि त्याच्या शेजारी काउंटर बसलाय, अशी दाट शक्यता आहे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं लिहिणं पकडणारं साधन) लावून एकदा चालवा. त्याने जागा दाखवली तर उत्तम, नाही दाखवली तर अनुभवी माणूस लागेल, कारण इथून पुढे कोड जे दाखवतो आणि यंत्र जे करतं त्यांचा मेळ असेलच असं नाही.

चार-पाच लूप एकात एक आहेत, कोड तुमचा नाही आणि एकही चाचणी लिहिलेली नाही? मूळ लिहिणारा किंवा टीममधला ज्येष्ठ सोबत असल्याशिवाय हात घालू नका. तसंच एखादं यंत्र किंवा वैद्यकीय उपकरण चालवणारा कोड असेल तर वरची एकही दुरुस्ती स्वतःच्या भरवशावर करू नका, तिथे बदलाची वेगळी पद्धत ठरलेली असते.

बोलावताना चार गोष्टी हाताशी ठेवा: दोष दाखवणारा सगळ्यात छोटा डेटा, अपेक्षित फेऱ्या आणि आलेल्या फेऱ्या, भाषेची आवृत्ती, आणि आतापर्यंत काय काय बदलून पाहिलं त्याची यादी. कोड मजकूर म्हणून पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. फोटोत इंडेंटेशन मोजता येत नाही, टॅब आहे की स्पेस तेही दिसत नाही, आणि लूपची ओळ जिथे संपते नेमका तिथेच फोटो कापलेला असतो.